फळ्याची वरची ओळ

गेल्या वर्षी वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या, संध्याकाळी माझा उजवा खांदा धरला आणि घरात सगळ्यांनी एकमतानं पतंगाला दोष दिला. दोष देण्यासारखं होतंही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची अगाशी, म्हणजे गच्ची, टीचभर, पण १४ आणि १५ जानेवारीला तिच्यावर वीसेक माणसं, चार फिरक्या, उंधियूचं पातेलं आणि एक स्पीकर एवढं सगळं मावतं. माझं वय चोपन्न, पण खेंच मारण्यात, म्हणजे पेच लागला की दोर झटक्यानं ओढण्यात, मी पुतण्यांना हार जात नाही. "काकू, करा अजून पेच" असं म्हणत त्यांनीच बाम आणून दिला आणि मीही आठवड्यात जाईल म्हणून सोडून दिलं.

गेलं नाही. फेब्रुवारीत अंबाडा घालता येईना. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मी खाली आणून ठेवला. मी घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. बोर्डाची परीक्षा तोंडावर, रोज दोन बॅचा. एक दिवस मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "टीचर, तमे वच्चेथी केम चालु करो छो?" मधूनच का सुरुवात करता? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला कित्येक दिवसांत खडू लागलेलाच नाही. वर्गसमीकरण फळ्याच्या कमरेपाशी सुरू व्हायचं आणि मुळं काढेपर्यंत मी जवळजवळ उकिडवी बसलेली असायची.

पुढच्या काही महिन्यांत मी बडोद्यात कुठे कुठे हिंडले, त्याची ही हकिकत. औषधाच्या गोळ्यांवर माझा राग नाही, पण आमच्या घरात आधी तेल, मग शेक, मग काढा आणि शेवटी डॉक्टर असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यात माझं माहेर बडोद्याच्याच वाडी भागातलं, आणि माझे आजोबा माणिकरावांच्या आखाड्यातले.

जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे नाव जुन्या बडोदेकरांना सांगावं लागत नाही. मल्लखांब, लेझीम, कवायत हे तर होतंच, पण निखळलेला सांधा बसवून घ्यायलाही लोक त्यांच्याकडे जात. आजोबांनी त्यातलं थोडंफार उचललं होतं. आमच्या गल्लीतल्या पोरांचे मुरगळलेले पाय ते ओट्यावर बसून चोळत, आणि चोळण्याआधी पाचही बोटं एकेक करून हलवायला लावत. एखादं बोट हललं नाही की, "हे माझं काम नाही, मोठ्या दवाखान्यात न्या." लहानपणी मला ते त्यांचं कमीपण वाटायचं.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ च्या सुमाराला आणखी एक तरुण शिकत होता. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, आपल्या बडोद्याजवळच्या डभोईचा. पुढे नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदासजींकडे तो योग शिकला आणि १९२४ मध्ये त्यानं लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. स्वामी कुवलयानंद ते हेच. योगावर बोलणारी माणसं आज पैशाला पासरी मिळतात, मला या माणसाचं कौतुक वेगळ्या कारणानं आहे. उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या आणि फिरवण्याच्या योगक्रियांत पोटाच्या आत नेमकं काय होतं हे त्यांनी उपकरणं लावून मोजायला घेतलं, आणि त्याची सुरुवात बडोद्याच्या इस्पितळातच झाली. गणिताच्या मास्तरणीला आणखी काय हवं?

तर पहिल्यांदा मालिशवाल्या मावशी. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांच्या बाळंतिणी आणि त्यांची बाळं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. त्या आल्या, चहा घेतला, माझं कोपर कमरेला चिकटवून ठेवलं आणि मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला लागल्या. चार बोटंसुद्धा वळला नाही, मी ओरडले. मग दुसऱ्या हाताचं तसंच करून पाहिलं, तो दार उघडावं तसा वळला.

"ताई, हा मुरगळलेला नाही. हा आतून आवळलाय. मी तेल लावीन, रात्री झोप लागेल. पण ओढणार नाही. कुणी ओढायला लागलं तर ओढू देऊ नका."

"पण हात वर जाईल ना?"

"तेलानं? नाही जायचा."

तासाला दोनशे रुपये घेणाऱ्या बाईनं आपल्याच तेलाबद्दल असं बोलावं, याचा मला तेव्हा राग आला होता.

तेलाचं म्हणाल तर ते मी पाणीगेटच्या पलीकडच्या लाकडी घाण्यावरून आणते. बैल कधीच गेला, आता मोटर आहे, पण फिरणं तेच संथ. घाणीवाले काका दहा किलो तीळ घालतात आणि चार-साडेचार किलो तेल काढतात, उरते ती पेंड. तेल गरम होऊ नये म्हणून घाई नाही, आणि घाई नाही म्हणून भाव जास्त, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्यानं समजावतात. बरणी आपण न्यायची, प्लास्टिकची दिसली की त्यांच्या कपाळाला आठी. थंडीत त्याच घाण्यावर कचरियुं होतं: काळे किंवा पांढरे तीळ, गूळ, सुंठ, गंठोडा, सगळं एकत्र फिरत फिरत तेल सुटून मऊ लगद्यासारखं होतं. पुण्याच्या माझ्या नणंदेला पहिल्यांदा दिलं तेव्हा ती म्हणाली, हे काय, लाडू वळायचे राहिले का? वळायचे नसतातच. चमच्यानं खायचं.

मे महिन्यात सुट्टी लागली आणि मी चुकले. शहराच्या पश्चिमेला, नव्या इमारतींच्या भागात, एका वेलनेस सेंटरचा कागद वर्तमानपत्रातून घरात आला होता. नाव लिहीत नाही. एकवीस बैठका, अठरा हजार रुपये, आधी भरले तर सोळा. त्यात मालिश, पोटली, वाफ, आणि 'शरीरातील विषद्रव्यं पायांवाटे बाहेर'. खांदा, गुडघा, थायरॉईड आणि 'मधुमेह मुळापासून' असं सगळं एकाच कागदावर. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी गेले असते म्हणा. चार महिने रात्री कूस बदलता न आलेलं माणूस कायदे वाचत नाही.

जागा छान होती. गवती चहाचा वास, मंद बासरी, पांढरे पंचे. पोटलीचा शेक खरोखर बरा वाटायचा. तिसऱ्या बैठकीला पायांचं ते यंत्र आलं. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, मध्ये धातूची एक गुंडाळी, तिला वायर. पाय बुडवून बसायचं. दहा मिनिटांत पाणी पिवळं, वीस मिनिटांत तपकिरी, वर फेस. तिथली मुलगी म्हणाली, "बघा मॅडम, किती टॉक्सिन निघालं!"

मी पाण्याकडे बघत राहिले. तो रंग मी आमच्या गच्चीवरच्या जुन्या टाकीच्या तळाशी रोज बघते.

"एक करू या का?" मी विचारलं. "उद्या माझे पाय न घालता वीस मिनिटं चालवून बघू."

ती गोड हसली. "मोठ्या मॅडमना विचारावं लागेल."

मोठ्या मॅडमना वेळ नव्हता. घरी येऊन मी मुलाच्या जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर काढला, दोन लोखंडी खिळे, काचेचं भांडं, पाणी, मीठ. सुट्टीतही दोन-तीन मुलं अकरावीची तयारी करायला येत होती, त्यांनाच वायरी जोडायला लावल्या. पाव तासात भांड्यात तेच तपकिरी पाणी, तोच फेस. माझे पाय तेव्हा चपलेत होते. विजेनं लोखंड झिजतं, मिठाच्या पाण्यात गंजतं, संपली गोष्ट. एक पोरगा म्हणाला, "टीचर, खिळ्यातून किती टॉक्सिन निघालं!" उरलेल्या अठरा बैठकांचे पैसे मागायला गेले तेव्हा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते दाखवण्यात आलं. सोळा हजारांत इलेक्ट्रोलिसिसचा धडा, असं आमचे हे अजून पाहुण्यांना सांगतात.

त्यानंतर मी मांडवीच्या बाजूच्या जुन्या दुकानात गेले, खरं म्हणजे निर्गुंडीचा पाला आणायला. गुजरातीत काष्ठौषधी विकणाऱ्याला गांधी म्हणतात, आणि बडोद्यातल्या मराठी बाईला त्याच्याकडे जायचं तर दोन भाषांचं निघंटू डोक्यात ठेवावं लागतं. आपली निर्गुंडी म्हणजे त्यांची नगोड. गुळवेल म्हणजे गळो. अडुळसा म्हणजे अरडूसी, पिंपळमूळ म्हणजे गंठोडा, कोरफड म्हणजे कुंवारपाठुं, हळीव म्हणजे असेळियो. शेपूला ते सुवा म्हणतात. बाळंतिणीसाठी बाळंतशोपा हव्यात म्हणून मी एकदा बडीशेप घेऊन आले होते, त्यावर सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. मांडवीच्या या दुकानात छतापर्यंत लाकडी खण, खणांवर जुन्या वळणाची गुजराती अक्षरं, आणि दारातून आत पाऊल टाकलं की सुंठ, वेखंड, हिंग आणि धूळ यांचा मिळून एक वास. तराजू मात्र आता डिजिटल आहे.

दुकानातले गांधीकाका सत्तरीचे. नगोडचा पाला कागदात बांधता बांधता त्यांनी विचारलं, कशासाठी? मी हात जितका वर जात होता तितका वर करून दाखवला. सोबत अश्वगंधा, सल्लकी, महानारायण तेल अशी माझी यादीही पुढे केली. त्यांनी यादी वाचली, उलटी करून गल्ल्यावर ठेवली.

"बेन, सुगर चेक करावी छे?"

"मला शुगर नाही," मी म्हटलं.

"चेक करावी छे के नथी?"

नव्हती. पाच वर्षांत नव्हती. त्यांच्या बायकोचा खांदा असाच धरला होता, आणि शुगर निघाली तेव्हा ती तीनशेच्या घरात होती. गिऱ्हाइकांतही असे चार-पाच खांदे त्यांनी पाहिले होते. "आधी तपासून या. यादी इथेच ठेवतो, कुठे पळत नाही." त्यांनी मला फक्त पाला दिला, तीस रुपयांचा. हजार-बाराशेचं गिऱ्हाईक तीस रुपयांवर परत पाठवलं.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती तपासणी असते ना, तिच्यात साडेसहापासून पुढे मधुमेह. माझा आकडा ८.१.

डॉक्टरबाईंनी कागदावर खांद्याचं चित्र काढून दाखवलं. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं, ते सुजतं, जाड होतं, आक्रसतं. मधुमेह आणि थायरॉईड असलेल्यांत हे जास्त, चाळिशी ते साठीच्या बायकांत जास्त. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होतं पण हात तिथेच अडतो, मग हळूहळू सुटतो. "वर्ष, दोन वर्षंही लागतात." मावशींनी चहाचा कप खाली ठेवून जे सांगितलं होतं, तेच हे, चित्रासकट. मेटफॉर्मिन सुरू झालं. मी जरा नाक मुरडलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "याचं मूळही एका झाडपाल्यातच आहे हं." युरोपात गॅलेगा नावाचं एक रानटी झुडूप आहे, त्यातल्या द्रव्यावरून शोध सुरू झाला आणि १९५७ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरांनी मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरलं. गांधीकाकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गुजरातीत ते नाव लिहून घेतलं. इथे मिळतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, मेडिकलमध्ये, गोळीच्या रूपात.

मधल्या काळातलं बाकीचं थोडक्यात सांगते. कमाटीबागेच्या बाहेर सकाळी रसवाले उभे असतात, कारलं, दुधी, गव्हांकुर, आवळा, आणि पाटीवर प्रत्येक रसापुढे रोगाचं नाव. मी महिनाभर कारलं प्यायले. पित्त झालं. बागेत चालून जो फायदा झाला तो रसाच्या नावावर जमा व्हायचा. चैत्रात तिथेच कडुलिंबाच्या मोहोराचा रस मिळतो, तो मात्र मी पाडव्याची चटणी समजून अजूनही घेते, गुण येवो न येवो. आणि रविवारच्या सेव-उसळीवर मी तह केला आहे: तर्री हवी तेवढी, पाव एक.

सासूबाई गोत्रीच्या विनोबा आश्रमात निसर्गोपचाराला दहा दिवस राहून आल्या होत्या, त्यांनी मलाही आग्रह केला. भावे बंधूंचं बालपण बडोद्यातलं. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला तेव्हा पुढे तिथला भार वाहणाऱ्यांत विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा होते. त्यामुळे आमच्या घरात मातीच्या पट्टीला जवळच्या नातेवाइकाचा मान आहे. पोटावर माती, कटिस्नान, उकडलेली भाजी, संध्याकाळी सहाला जेवण. सासूबाईंचं पोट सुधारलं हे खरं. त्या दहा दिवसांत चहा आणि टीव्ही दोन्ही बंद होतं, हेही खरं. शिकवण्या सोडून जाणं मला जमलं नाही, पण सहाला नाही तरी सात वाजता जेवण हे मी तिथूनच उचललं, आणि सकाळचा उपाशीपोटीचा आकडा त्यानं खाली आला. हा मी रोज मोजते.

खांद्यासाठी सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीत जायला लागले. तिथली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. वाकून हात लोलकासारखा सैल सोडायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं वाईटाला ढकलायचं. आणि भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं चढायचं. व्यायामाआधी खांदा ऊबदार हवा, तो कसा करायचा ते तुम्ही ठरवा, असं तिनं सांगितलं. मग नगोडीचा पाला कामी आला. पातेल्यात उकळायचा, त्या पाण्यात पंचा पिळून दहा मिनिटं शेक, वर मावशींच्या हातचं तिळाचं तेल, आणि लगेच भिंत. नुसतं गरम पाणीही चाललं असतं का? चाललं असतं. पण पाला उकळायला लागला की घरभर तो उग्र वास सुटतो आणि माझा कंटाळा जातो. महिनोन्‌महिने रोज दोनदा भिंत चढायची तर कंटाळ्यावरही औषध लागतं.

फ्रिजशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलीनं खुणा करायला लागले. फरशीपासून बोटांच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये. डावा हात १८९. उजवा, १ जुलैला १२१. ऑगस्टभर तो १२६ ते १२८ मध्ये घुटमळला, आणि एकदा मागे १२५ वर आला तेव्हा मी पेन्सिल फेकली. नवरात्रात १४१. गरब्यात माझ्या टाळ्या कमरेपाशी वाजत होत्या, मागच्या बाईला माझ्यामुळे ताल चुकल्यासारखं वाटत असणार. दिवाळीला रंगारी आला, त्याला मी ती भिंत सोडायला लावली. आता स्वयंपाकघर तीन बाजूंनी फिकट हिरवं आहे आणि फ्रिजशेजारी वीतभर पट्टा जुना पिवळा.

सप्टेंबरात तो तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ६.९ आला. गांधीकाकांनी तेव्हा माझी जुनी यादी परत काढली, अश्वगंधेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, आता गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारून या. मी विचारलं, डॉक्टरबाई नको म्हणाल्या, यादी पुन्हा गल्ल्याखाली गेली. त्यांच्या दुकानात माझी उधारी नाही, यादी आहे.

घाणीवाल्या काकांनी डिसेंबरात माझ्यासाठी बिनगुळाचं कचरियुं काढून ठेवलं होतं. तीळ, सुंठ, गंठोडा. काय सांगू, शिक्षा म्हणून द्यावं असं लागतं. त्यांनी विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, तेल छान आहे तुमचं.

परवाच्या उत्तरायणाला सकाळी भिंतीवर १६३ ची खूण केली आणि अगाशीत गेले. पुतण्यांनी आधी फिरकीच हातात दिली, मग दुपारी एकानं पतंग हवेत चढवून दोर माझ्या बोटांत दिला. ढील देता आली, कितीही. पतंग सूरसागराच्या दिशेनं लांब लांब जात ठिपक्याएवढा झाला. मग शेजारच्या अगाशीवरनं एक काळा-पांढरा आला, पेच लागला, सगळे ओरडले, "काकू, खेंचो!" हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काळा-पांढरा जिंकला. शेजारचे "काप्यो छे" म्हणत थाळ्या बडवत होते, मी उरलेला दोर गुंडाळायला दिला.

सोमवारी दहावीची बॅच आहे. त्रिकोणमिती. फळ्यावर वरून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचतं. पहिल्या ओळीत तारीख असते, ती मागच्या बाकावरचा उंच मुलगा येऊन लिहितो.